कवड्यांची माळ

कवड्यांची माळ ही समुद्री कवड्या ओवून केलेली माळ असून ती देवीचे, विशेषतः तुळजाभवानी व रेणुका यांचे, उपासक गळ्यात धारण करतात. महाराष्ट्राच्या धाराशिव जिल्ह्यातील (२०२३ पूर्वीचे नाव उस्मानाबाद) तुळजापूर हे या परंपरेचे एक प्रमुख केंद्र आहे. गोंधळी, भुत्ये व आराधी यांच्या वेशाचा ही माळ अविभाज्य भाग आहे. याशिवाय ज्यांचे कुलदैवत तुळजाभवानी आहे अशा अनेक घराण्यांत ती पूर्वजांच्या उपासनेची खूण म्हणून जपली जाते. माळ आडनावावरून नव्हे, तर कुळाचे देवीशी असलेले नाते व स्वीकारलेले व्रत यांवरून धारण केली जाते.

स्वरूप

माळेसाठी प्रामुख्याने हिंदी महासागरात आढळणाऱ्या लहान, पिवळसर-पांढऱ्या कवड्या वापरतात. कवडीची फुगीर पाठ घासून किंवा फोडून तिला भोक पाडतात व त्यातून जाड दोरा ओवतात. काही माळा एकपदरी असतात, काही अनेकपदरी. काहींमध्ये कवड्या कापडी पट्टीवर शिवलेल्या असतात. ओवताना कवडीची दातेरी फट दर्शनी बाजूस ठेवतात.

धाराशिव जिल्हा समुद्रापासून दूर, बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेला आहे. तेथे कवडी पोहोचली ती व्यापारामुळे. मालदीव बेटांवरून येणाऱ्या कवड्या भारतात अनेक शतके चलन म्हणून वापरात होत्या. बंगालमध्ये हा वापर एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत टिकून होता. मराठीतील ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’ हे शब्दप्रयोग या चलनाची आठवण देतात. व्यवहारात सर्वांत कमी मोलाची ठरलेली ही वस्तू देवीच्या उपासनेत मात्र अलंकार मानली जाते. सोन्याचा दागिना न परवडणारा भक्तही ती घालू शकतो.

धारण करणारे उपासक

गोंधळी हे देवीचा गोंधळ घालणारे उपासक होत. त्यांच्यात कदमराई व रेणुराई अशा दोन प्रमुख शाखा आहेत. कदमराई तुळजाभवानीचे, तर रेणुराई माहूरच्या रेणुकेचे उपासक मानले जातात. पायघोळ झगा, पगडी व कवड्यांच्या माळा हा त्यांचा वेश असून संबळ, तुणतुणे व झांज ही त्यांची वाद्ये आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘गोंडली’ या नृत्याचा उल्लेख आहे. गोंधळाचा संबंध अभ्यासक या नृत्याशी जोडतात.

भुत्या हा भवानीचा उपासक अंगात तेलकट झगा व डोक्यावर कवड्या जडवलेली टोपी घालतो आणि हाती पेटता पोत घेतो. आराधी स्त्री-पुरुष गळ्यात माळ व हाती परडी घेऊन, प्रामुख्याने मंगळवारी, शुक्रवारी व पौर्णिमेस, जोगवा मागतात.

भोसले घराण्याचे कुलदैवत तुळजाभवानी असल्यामुळे छत्रपती शिवाजी महाराजांच्या अलीकडील चित्रणांत, तसेच नाटक-चित्रपटांत, कवड्यांची माळ ठळकपणे दाखवली जाते. सातारा व कोल्हापूर येथील छत्रपती घराण्यांतील व्यक्ती समारंभप्रसंगी ही माळ धारण करतात.

कुलदैवताची निश्चिती

स्थलांतरामुळे अनेक कुटुंबांचा मूळ गावाशी संबंध तुटला आहे. पूर्वजांच्या स्मरणार्थ माळ घेऊ इच्छिणाऱ्यांपुढे त्यामुळे आपले कुलदैवत कोणते, हा पहिला प्रश्न असतो. केवळ आडनावावरून त्याचे उत्तर मिळत नाही. एकाच आडनावाच्या घराण्यांची कुलदैवते भिन्न असू शकतात. कोणाचे कुलदैवत तुळजाभवानी, कोणाचे खंडोबा, तर कोणाचे जोतिबा असते. काही घराण्यांत कुलदेव व कुलदेवी अशा दोघांचीही उपासना चालते.

कुलदैवत निश्चित करण्यासाठी पुढील गोष्टींचा आधार घेतला जातो :

१. देवघरातील टाक, म्हणजे देवतांच्या प्रतिमा उमटवलेले धातूचे लहान पत्रे.
२. लग्नानंतर घरात गोंधळ होतो की जागरण. गोंधळ देवीसाठी, तर जागरण खंडोबासाठी घालतात.
३. मूळ गावातील भाऊबंदांचे कुलाचार व वडीलधाऱ्यांच्या आठवणी.
४. तीर्थक्षेत्रातील पिढीजात पुजाऱ्यांच्या वह्यांतील यजमान घराण्यांच्या नोंदी.

धारणविधी व बंधने

माळ साधारणतः तीन प्रकारे स्वीकारली जाते : नवस फेडण्यासाठी, आराधी गुरूकडून व्रत घेऊन किंवा घरातील ज्येष्ठ उपासकाच्या पश्चात वारसा म्हणून. तुळजापुरात मंदिर परिसरातील दुकानांत माळा मिळतात. विकत घेतलेली माळ देवीच्या चरणी लावून मग गळ्यात घालण्याचा प्रघात आहे. वारशाने आलेली माळ देवघरात ठेवतात व सणावारी पूजतात. दोरा जीर्ण झाल्यास कवड्या त्याच ठेवून माळ नव्याने ओवता येते.

व्रत म्हणून घेतलेल्या माळेसोबत उपवास, जोगवा व नवरात्रातील उपासना ही कर्तव्ये येतात. स्मरणचिन्ह म्हणून सणाला घातलेली माळ व व्रताची माळ यांत म्हणून फरक केला जातो. अपत्याच्या वतीने बोललेल्या नवसाबाबत हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो. मुलीला देवाला वाहण्याच्या प्रथेस महाराष्ट्रात देवदासी पद्धती निर्मूलनविषयक २००५ च्या कायद्याने बंदी आहे. स्वेच्छेने माळ धारण करणे या बंदीच्या कक्षेत येत नाही. मात्र माळेच्या निमित्ताने मुलीचे आयुष्य देवतेस बांधून टाकणे कायद्यास मान्य नाही.

इतर परंपरांशी तुलना

पूर्वजांच्या स्मरणार्थ विशिष्ट वेश धारण करण्याची प्रथा जगात अन्यत्रही आढळते. स्कॉटलंडमध्ये ‘किल्ट’ हे चुण्यांचे लोकरी वस्त्र ‘टार्टन’ नावाच्या चौकडीच्या कापडाचे असते व टार्टनचा नमुना कुळाच्या नावाशी जोडला जातो. ब्रिटिश संसदेच्या १७४६ च्या कायद्याने पुरुषांच्या डोंगराळ प्रदेशी पोशाखावर घातलेली बंदी १७८२ मध्ये उठली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज याने एडिंबरोला भेट दिल्यानंतर टार्टनची लोकप्रियता वाढली. आज प्राचीन समजले जाणारे अनेक कुलनमुने वस्तुतः एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. १८४२ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘वेस्टियारियम स्कॉटिकम’ हा नमुन्यांचा ग्रंथ पुढे बनावट ठरला. तरीही त्यातील काही नमुने प्रचारात राहिले. २००९ पासून टार्टनची अधिकृत शासकीय नोंदवही अस्तित्वात आहे.

टार्टनची निवड मुख्यतः आडनाव किंवा प्रदेश यांवरून होते व नमुन्यांत कुळागणिक भेद असतो. कवड्यांच्या माळेत असा कुळवार भेद नसतो. छत्रपती घराण्यातील व्यक्तीच्या व जोगवा मागणाऱ्या आराधिणीच्या गळ्यातील कवडी एकच असते. मराठा कुळांत भेद दर्शवण्याचे कार्य ‘देवक’ करते. कुळागणिक ठरलेली वनस्पती किंवा वस्तू देवक म्हणून लग्नप्रसंगी पूजली जाते आणि समान देवक असलेल्या कुळांत विवाहसंबंध टाळले जातात.

सद्यस्थिती

शारदीय नवरात्रात तुळजापूरला येणाऱ्या भाविकांत कवड्यांची माळ मोठ्या प्रमाणावर दिसते. अलीकडे मिरवणुका, राजकीय सत्कार व वेशभूषा यांतही तिचा वापर वाढला आहे. या वापरात माळेचा व्रताशी असलेला संबंध बहुधा राहत नाही. गोंधळी व आराधी परंपरेत मात्र कुलाचार पाळणे हीच माळ धारण करण्याची मुख्य अट मानली जाते.