विहिरीचे पाणी : मुरते किती व उपसावे किती

विहिरीचे पाणी हे जमिनीत मुरलेले पावसाचेच पाणी होय. खोलवर कोठेतरी अखंड प्रवाह वाहतो, अशी अनेकांची समजूत असते. म्हणून विहीर आटली की खोल विंधन विहीर घेण्याकडे कल होतो. नांदेड व लातूर जिल्ह्यांत ही समजूत विशेष महाग पडते. त्याचे कारण तेथील खडकात आहे.

खडकाची ठेवण

लातूर जिल्हा व नांदेडचा बराचसा भाग लाव्हारसाच्या थरांपासून झालेल्या बेसाल्ट खडकाचा आहे. त्यातील मांजऱ्या खडक सच्छिद्र असतो. तो झिजून मुरूम झाला म्हणजे त्यात पाणी साठते. अखंड काळ्या पाषाणात मात्र भेगांखेरीज पाण्यास जागा नसते. देगलूर-बिलोली भागात ग्रॅनाइट आहे. तेथेही पाणी वरच्या झिजलेल्या थरात व त्याखालील भेगांतच राहते. जसजसे खोल जावे तसतशा भेगा कमी होतात. विहिरीची खोली वाढविल्याने नवे पाणी निर्माण होत नाही. बहुधा पूर्वीचा साठा अथवा शेजारच्या विहिरीचे पाणी ओढले जाते.

मुरण्यावर परिणाम करणाऱ्या बाबी

काळ्या जमिनीत पहिल्या पावसाचे पाणी उन्हाळी भेगांतून खाली उतरते. जमीन भिजून फुगली म्हणजे भेगा मिटतात व मुरण्याचा वेग मंदावतो. शिवाय मातीची ओल पुरी झाल्यावाचून पाणी खडकापर्यंत पोचत नाही. तितकाच पाऊस चार तडाख्यांत पडल्यास त्यातील बराचसा ओढ्याला जातो. संथपणे पडल्यास अधिक मुरतो. उतारामुळे पाण्याचा वेग वाढतो. गवत, झाडोरा, बांध व उतारास आडवी मशागत यांमुळे तो कमी होतो.

पाण्याचा हिशेब

लातूर भागात वर्षाला सरासरी सुमारे 800 मि.मी. पाऊस पडतो. झिजलेल्या बेसाल्टमध्ये त्यातील सुमारे 7 टक्के पाणी मुरते, असे भूजलाच्या मूल्यमापनात साधारणतः धरतात. म्हणजे 56 मि.मी., अर्थात हेक्टरी 5,60,000 लिटर. दिनांक 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या पाण्याच्या रेल्वेगाडीत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. एक हेक्टर जमीन सरासरी वर्षी जेवढे पाणी मुरविते, तेवढेही ते नव्हते.

हरभऱ्याच्या एका हेक्टरास पाण्याची एक पाळी देण्यास हेक्टरभर मुरलेले पाणी पुरते. उसास वर्षभरात सुमारे 2,000 मि.मी. पाणी लागते. पैकी 500 मि.मी. पावसाचे धरले तरी हेक्टरी दीड कोटी लिटर विहिरीतून द्यावे लागते. म्हणजे सुमारे 27 हेक्टरांवर मुरलेले पाणी एक हेक्टर ऊस घेतो. दिलेल्या पाण्यापैकी काही परत झिरपते व ठिबक सिंचनाने गरज कमी होते, हे खरे. तरीही तफावत मोठीच राहते.

काय करावे

माथ्यापासून पायथ्याकडे बांधबंदिस्ती करावी. पाझर तलावाच्या तळाशी गाळ साचल्यास पाणी मुरणे थांबते. यास्तव तो उन्हाळ्यात काढून शेतात पसरावा. शेतातील गढूळ पाणी सरळ विहिरीत सोडू नये. दगड, खडी व वाळू भरलेल्या खड्ड्यातून गाळून सोडावे.

मुरविण्याइतकेच मोजणेही अगत्याचे आहे. 1972 साली स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर महिन्यांत मोजते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनीही चार-पाच विहिरी निवडून, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर दोरीने मोजावे व ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे. ऑक्टोबरमधील पातळी मागील वर्षापेक्षा खाली असल्यास रब्बीत ज्वारी, हरभरा व करडई यांवर भर द्यावा आणि उसाची नवी लागण टाळावी. हा निर्णय पेरणीपूर्वी घेतला तरच पिण्याचे पाणी मेअखेर टिकेल.