इंजिनाची गाळणी

विहिरीवर डिझेलचे इंजिन आहे. हँडल मारले की सुरू होते. फक् फक् करीत चालते. पण पाणी चढू लागले, इंजिनावर भार आला, की ते दम टाकते. आवाज मंद होतो. जरा उचलते, पुन्हा बसते, आणि शेवटी बंद पडते. अर्ध्या तासाने हँडल मारावे, तर पुन्हा सुरू! आपण म्हणतो, "आज ह्याला काय झालंय कोण जाणे!" तिकडे गहू ओंबीवर आलेला असतो. ह्या दिवसांत पाण्याची एक पाळी चुकली तर दाणा बारीक राहतो. मिस्त्री तालुक्याच्या गावी. तो आज येतो की चार दिवसांनी, त्याचा भरवसा नाही.

अशा वेळी पुष्कळदा दोष गाळणीचा असतो. तिलाच फिल्टर म्हणतात. टाकीतून डिझेल निघते, ते आधी गाळणीत जाते आणि मग पंपात. गाळणीत घाण साचली की डिझेल थेंब थेंब झिरपते. रिकाम्या इंजिनाला तेवढे पुरते. भार आला की पुरत नाही. इंजिन थांबले की गाळणीत पुन्हा हळूहळू डिझेल भरते, म्हणून ते थोडा वेळ चालते.

पण एक पाहून घ्या. धूर काळाकुट्ट येत असेल, तर दुखणे दुसरे आहे. तेव्हा हवेची गाळणी किंवा नोझल बघावे लागते. डिझेल कमी मिळाल्याने काळा धूर येत नाही.

आता कोणी विचारील, गाळणीचे एवढे काय? डिझेल तर आम्ही फडक्यातून गाळूनच ओततो. फडक्यात काडीकचरा अडकतो हे खरे. पण डोळ्यांना न दिसणारी धूळ त्यातून आरपार जाते. इंजिनाच्या डिझेल-पंपात एक बारीक दांडा नळीत खालीवर होतो. दांडा आणि नळी ह्यांच्यातली फट आपल्या केसाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असते. तेथे धुळीचा कण गेला की तो कानशीसारखा घासतो. हा पंप डिझेल दाबून नोझलमधून फवारतो. तो दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दाबाच्या सुमारे शंभर पट असतो. फट वाढली की हा दाब बसत नाही. मग नवा पंप, नवे नोझल. त्यांच्या किमतीत कितीतरी फिल्टर येतील. म्हणून फिल्टर काढून टाकून किंवा त्याला भोक पाडून इंजिन चालवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. काही लोक तसे करतात, आणि पुढल्या हंगामात पंप बदलतात.

कागदी फिल्टर धुऊन वापरता येत नाही. त्याचा कागद पंख्यासारखा घड्या घातलेला असतो. धुण्याने तो फाटतो, हवा मारण्यानेही फाटतो, आणि फाटलेले वरून दिसत नाही. फिल्टर किती तासांनी बदलायचा, ते इंजिनाबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ते वाचा. काही इंजिनांना २५० तास सांगितलेले असतात, काहींना ५००. रोज ५ तास इंजिन चालले तर २५० तास ५० दिवसांत भरतात. धुळीच्या जागी थोडे आधीच बदलावे.

आता काम कसे करायचे ते पाहू. इंजिन थंड असू द्या. विडी-काडी दूर ठेवा. डिझेल पेट्रोलसारखे चटकन पेटत नाही, पण तापलेल्या सायलेन्सरवर सांडले तर पेटू शकते. टाकीखालचा कॉक बंद करा. मग गाळणी बाहेरून नीट पुसा. ही पायरी पुष्कळ जण गाळतात. बाहेरची माती आत पडली, तर नवा फिल्टर घालून काय उपयोग?

खाली भांडे धरा. मधला बोल्ट पान्याने सैल करा. वाटी खाली येईल, तिच्यात जुना फिल्टर असेल. वाटीच्या तळाशी चिखल आणि पाणी दिसेल. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाला बसते. वाटी स्वच्छ डिझेलने धुवा. सुताचे धागे सुटणारे फडके आत फिरवू नका. तळाची स्प्रिंग आणि वायसर कोणत्या क्रमाने होते ते लक्षात ठेवा, आणि त्याच क्रमाने बसवा. नव्या फिल्टरबरोबर नवा रबरी वायसर येतो, तोच घाला. जुना चपटा झालेला असतो, त्यातून हवा शिरते. बोल्ट घट्ट करा, पण अंगाचा जोर लावू नका. आटे गेले तर मोठे काम निघते.

आता खरी गोष्ट. एवढे करून हँडल मारले, तर इंजिन बहुधा सुरू होणार नाही. माणूस घामाघूम होतो आणि म्हणतो, "फिल्टरच खोटा मिळाला." फिल्टर खोटा नाही. इंजिनाने हवा धरली आहे. डिझेल दाबले की पुढे सरकते. हवा दाबली की नुसती आकसते. पंप हवेलाच दाबीत बसतो, नोझलपर्यंत डिझेल पोचत नाही.

म्हणून हवा काढावी. कॉक उघडा. गाळणीच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू दोन आटे सैल करा. आधी फेस येईल, बुडबुडे येतील. थांबा. फेस संपून डिझेलची सलग धार लागली, की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग पंपावरचा स्क्रू तसाच सैल करून आवळा. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या नळीचे नट थोडे ढिले करून हँडल फिरवा. तेथे बुडबुड्यांशिवाय डिझेल आले की नट आवळा. आता इंजिन सुरू करा.

एक मात्र जिवाशी गाठ आहे. इंजिन चालू असताना ते नट सोडू नका. नोझलच्या फवाऱ्यापुढे बोट धरू नका. तो फवारा कातडी भेदून आत जातो. वरून सुईच्या टोचेएवढी खूण दिसते, दुखतही नाही. पण आत डिझेल पसरते आणि हात सडू शकतो. असे झाले तर हळद लावून बसू नका. त्याच घटकेला दवाखाना गाठा, आणि "दाबाचे डिझेल आत गेले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

फिल्टर लवकर भरत असेल तर पिंपाकडे पाहा. उघड्यावर उभ्या पिंपाच्या झाकणावर पावसाचे पाणी साचते आणि बुचातून आत उतरते. पिंप छपराखाली ठेवा. तळाचे चार बोटे डिझेल इंजिनात घालू नका. टाकी संध्याकाळीच भरून ठेवावी. अर्ध्या टाकीत रात्रीच्या गारव्याने आतून दव धरते.

जुना फिल्टर आणि वाटीतले घाण डिझेल विहिरीच्या काठी ओतू नका. तेच पाणी गुरे पितात. फिल्टर बदलल्याची तारीख इंजिनघराच्या भिंतीवर खडूने लिहा, आणि रोज किती तास इंजिन चालले तेही तिच्याखाली मांडत जा.