सोन्याच्या नाण्यावरील दोन अक्षरांचे कोडे

मेक्सिकोचे जुने सुवर्णनाणे हाती आले, की नजर प्रथम राजाच्या मुखवट्यावर किंवा पंख पसरलेल्या गरुडावर जाते. मात्र नाण्याची खरी ओळख त्याच्या कडेला कोरलेल्या, भिंगाखालीच नीट दिसणाऱ्या अक्षरांत दडलेली असते. ही अक्षरे म्हणजे सोन्याचा कस तपासणाऱ्या पारख्याची सही होय.

मेक्सिको सिटीची टांकसाळ १५३५ मध्ये स्पेनच्या राजाच्या आदेशाने स्थापन झाली. तेथे सोन्याची नाणी पाडण्यास १६७९ मध्ये प्रारंभ झाला. 'एम' आणि त्याच्या डोक्यावर बारीकसा 'ओ' हे या टांकसाळीचे चिन्ह. त्याच्या सोबतीला पारख्यांच्या नावांची आद्याक्षरे येतात. ती अनेकदा दोन असतात, कारण एकाच वेळी दोन पारखी कामावर असत. धातूत खोट आढळल्यास जबाबदार कोण, हे त्यावरून ठरे.

ही व्यवस्थाही राजसत्तेच्या लहरीपासून मुक्त नव्हती. तिसऱ्या चार्ल्सच्या कारकिर्दीत १७७२ मध्ये सोन्याची शुद्धता ९१७ वरून ९०१ पर्यंत आणि १७८६ मध्ये ८७५ पर्यंत उतरवण्यात आली, तीही गुप्तपणे. १७७२-७३ च्या काही नाण्यांवर ही अक्षरे उलटी कोरलेली दिसतात. घटलेल्या कसाची ती सांकेतिक खूण असावी, असे मानले जाते.

स्वातंत्र्यानंतर कोडे अधिक गुंतागुंतीचे झाले. टांकसाळी वाढल्या. 'जी' व 'ओ' म्हणजे ग्वानाह्वातो, 'झेड' व 'एस' म्हणजे साकातेकास, 'डी' व 'ओ' म्हणजे दुरांगो. प्रजासत्ताकाच्या सुमारे २७ ग्रॅम वजनाच्या आठ एस्कुदोंच्या नाण्यावर किंमत, टांकसाळ, पारखी आणि वर्ष यांच्यासोबत '२१ क्यूएस' असेही लिहिलेले असते. 'क्यूएस' म्हणजे 'किलातेस', अर्थात कॅरट. चोवीसपैकी एकवीस भाग शुद्ध सोने, म्हणजेच ८७५. आपल्याकडील सराफी दुकानात परिचित असलेल्या २२ कॅरटपेक्षा हा कस थोडा कमी.

अक्षरे ओळखताना प्रथम टांकसाळ, मग वर्ष आणि शेवटी पारखी हा क्रम सोयीचा. कोणत्या टांकसाळीत कोणत्या वर्षी कोण पारखी होते, याच्या याद्या नाण्यांच्या सूचींमध्ये मिळतात. उदाहरणार्थ, मेक्सिको सिटीच्या नाण्यावरील 'टीएच' ही जोडी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली, तर 'जेजे' ही स्पॅनिश सत्तेच्या अखेरच्या वर्षांतली. 'टीएच' अक्षरे आणि १८२५ हे वर्ष एकाच नाण्यावर दिसले, तर संशय घ्यायलाच हवा. अक्षरे जुळली म्हणून नाणे अस्सल ठरत नाही. वजन आणि धातूची तपासणी आवश्यकच. पण न जुळल्यास धोक्याची सूचना मात्र मिळते.

अक्षरे मुळीच नसणे, हीदेखील एक खूण आहे. सम्राट मॅक्सिमिलियनचा मुखवटा आणि १८६५ हे वर्ष असलेल्या चिमुकल्या सोन्याच्या चकत्या दागिन्यांत सर्रास दिसतात. त्यांवर किंमत नसते, टांकसाळीचे चिन्हही नसते. कारण ती चलनी नाणी नव्हेतच. याउलट, १९२१ पासून निघालेले 'सेंतेनारियो' हे ५० पेसोंचे नाणे मात्र अस्सल असूनही पारख्याच्या अक्षरांवाचून आहे. त्यावर '३७.५ ग्रॅम शुद्ध सोने' असा थेट उल्लेख असतो. पारख्याच्या सहीची जागा तोवर आकड्याने घेतली होती.