हरवलेला पाळीव कुत्रा आढळल्यास

गळ्यात पट्टा असलेला, भेदरलेला कुत्रा रस्त्यावर आढळल्यास तो बेवारस असल्याचे गृहीत धरू नये. कायदा पाळीव प्राण्याला मालमत्ता मानतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७१ नुसार, सापडलेली मालमत्ता ताब्यात घेणाऱ्यावर ती जपण्याची जबाबदारी येते. त्यामुळे कुत्र्याला आसरा देतानाच मालकाचा शोध घेणे आवश्यक ठरते.

प्रथम त्याला पाणी द्यावे व पट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक आहे का, ते पाहावे. पशुवैद्यकाकडे मायक्रोचिपची तपासणी करून घ्यावी. कातडीखाली बसवलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या या चिपमधील १५ अंकी क्रमांक स्कॅनरने वाचता येतो. नजीकच्या पोलीस ठाण्यालाही कळवावे. छायाचित्र प्रसिद्ध करताना एखादी खूण गुप्त ठेवावी आणि ती अचूक सांगणाऱ्याकडेच कुत्रा सोपवावा.

कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि विनाविलंब रुग्णालयात जावे.