व्हाइट हाउसमधली सही : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांचा कार्यकाळ २० जानेवारीला दुपारी बारा वाजता सुरू होतो आणि एक-दोन दिवसांतच सह्या केलेल्या आदेशांची छायाचित्रे जगभर पोचतात. समोर उघडी फाइल, हातात पेन, मागे उभी असलेली गंभीर चेहऱ्यांची मंडळी. या छायाचित्रांमुळे एक समजूत घट्ट बसली आहे : राष्ट्राध्यक्षांनी सही केली की धोरण बदलले. तुरुंग बंद करायचा, कर्ज माफ करायचे, व्हिसा वाढवायचे. सही झाली की काम फत्ते. दर चार वर्षांनी ही समजूत नव्याने डोके वर काढते आणि वर्षभरात ‘निवडून आल्यावर शब्द फिरवला’ या तक्रारीवर येऊन थांबते. सहीने नेमके काय होते, याची चौकशी मात्र फारसे कोणी करत नाही.

कार्यकारी आदेश म्हणजे राष्ट्राध्यक्षांनी आपल्या हाताखालच्या सरकारी यंत्रणेला दिलेली लेखी सूचना. संविधानाच्या चौकटीत, काँग्रेसने (म्हणजे अमेरिकी संसदेने) केलेल्या कायद्यांनुसार आणि काँग्रेसने मंजूर केलेल्या पैशांतून काय करायचे, एवढेच ती सांगू शकते. भारतात संसदेचे अधिवेशन नसताना कलम १२३ खाली निघणाऱ्या अध्यादेशाला, तात्पुरते का होईना, कायद्याचे बळ असते. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांना तसा अधिकारच नाही. शिवाय लोकसभेतल्या बहुमतावर पंतप्रधान होण्याची आपली पद्धत तिथे नाही. काँग्रेसची सिनेट आणि प्रतिनिधीगृह ही दोन्ही सभागृहे स्वतंत्रपणे निवडून येतात आणि राष्ट्राध्यक्षांनी मांडलेला अर्थसंकल्प त्यांच्या दृष्टीने निव्वळ प्रस्ताव असतो. संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात लिहिले आहे की कायद्याने मंजुरी दिल्याखेरीज तिजोरीतून पैसा निघणार नाही.

याचा अर्थ काय होतो, हे बराक ओबामांच्या पहिल्याच आठवड्यात दिसले. २२ जानेवारी २००९ रोजी, निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांना मागे उभे करून, त्यांनी क्यूबातील ग्वांतानामो या अमेरिकी लष्करी तळावरचा, दहशतवादाच्या संशयितांसाठीचा तुरुंग एका वर्षात बंद करण्याच्या आदेशावर सही केली. तेव्हा तिथे सुमारे २४० कैदी होते. प्रश्न साधा होता : यांना ठेवायचे कुठे? प्रशासनाने तुरुंग बंद करण्यासाठी आठ कोटी डॉलर मागितले. मे महिन्यात सिनेटने ९० विरुद्ध ६ मतांनी ती रक्कम नाकारली. सिनेटमध्ये बहुमत ओबामांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे होते, हे इथे विसरू नये. आपल्या मतदारसंघाजवळ हे कैदी आणून ठेवायला कोणीच तयार नव्हते. धोका नसल्याचे मान्य झालेल्या चीनमधल्या उइगुर या मुस्लिम समाजातल्या काही कैद्यांना व्हर्जिनियात वसवण्याचा विचारही विरोधामुळे बारगळला. अखेर त्यांतले चौघे बर्म्युडाला आणि सहा जण पलाऊ या प्रशांत महासागरातल्या बेटांवर गेले. इलिनॉयमधला थॉमसन तुरुंग वापरण्याची योजनाही काँग्रेसने अडवली. जानेवारी २०११ मध्ये संरक्षण खर्चाच्या कायद्यात कलमच घातले गेले की कैद्यांना अमेरिकेच्या भूमीवर आणण्यासाठी पैसा वापरता येणार नाही. त्याच कायद्यात सैन्याच्या खर्चाच्या तरतुदी असल्याने नाराजी नोंदवून ओबामांनी त्यावरही सही केली. आठ वर्षांनी ते पायउतार झाले तेव्हा ४१ कैदी तिथेच होते. २०१८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी तुरुंग चालू ठेवण्याचा आदेश काढला. ज्यो बायडेन यांनाही तो बंद करायचा होता. जानेवारी २०२५ मध्ये त्यांची मुदत संपली तेव्हा १५ कैदी उरले होते. सही २००९ ची, तुरुंग अजून आहे.

नव्या प्रशासनापुढची आव्हाने बहुतेक करून जुन्या प्रशासनाकडून आलेली असतात, हेही ओबामांच्याच कारकिर्दीत पाहता येते. २००९ च्या प्रचंड तुटीचे खापर सर्रास ओबामांवर फोडले जाते. पण काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कार्यालयाने ७ जानेवारी २००९ रोजी, म्हणजे शपथविधीच्या तेरा दिवस आधी, त्या वर्षीची तूट १.२ लाख कोटी डॉलरच्या घरात जाईल असे जाहीर केले होते. बँका सावरण्यासाठीचा ७०० अब्ज डॉलरचा कायदाही ऑक्टोबर २००८ चा, जॉर्ज बुश यांच्या सहीचा. परराष्ट्र धोरणाची कथा वेगळी नाही. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकी सैन्य इराकमधून परतले त्याचे श्रेय ओबामांना मिळते, दोषही मिळतो. पण २०११ अखेरची ती मुदत बुश सरकारने नोव्हेंबर २००८ मध्ये इराकशी केलेल्या करारात ठरली होती.

काँग्रेसने अडवले नाही तरी न्यायालय असते. कोरियन युद्ध चालू असताना १९५२ मध्ये हॅरी ट्रुमन यांनी संपाच्या भीतीने पोलाद कारखाने सरकारी ताब्यात घेतले. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो आदेश अवैध ठरवला. ट्रम्प यांची जानेवारी २०१७ मधली सात मुस्लिमबहुल देशांवरची प्रवेशबंदी सिएटलच्या एका न्यायाधीशाने आठवड्याभरात थांबवली. तिची तिसरी आवृत्ती जून २०१८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तगली. बायडेन यांची सुमारे ४०० अब्ज डॉलरची शैक्षणिक कर्जमाफी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातच संपली. पक्ष कोणताही असो, अनुभव तोच.

मग सही निरुपयोगी असते का? तसे मुळीच नाही, आणि उलट्या टोकाचा हा गैरसमजही तितकाच चुकीचा आहे. जिथे काँग्रेसने आपले अधिकार आधीच सुपूर्त केले आहेत तिथे सही लगेच चालते. व्यापार हे त्याचे ठळक क्षेत्र. १९६२ च्या कायद्याचा आधार घेऊन २०१८ मध्ये पोलादावर २५ टक्के आयात शुल्क लागले. १९७४ च्या व्यापार कायद्यातून आलेली शुल्कसवलत जून २०१९ मध्ये भारताला बंद झाली, तेव्हाही काँग्रेसमध्ये मतदान झाले नाही. करार करण्या-मोडण्यातही राष्ट्राध्यक्षांचा हात मोकळा असतो, पण त्यात एक मेख आहे : सिनेटच्या दोन तृतीयांश मतांची मंजुरी न घेता जे एका सहीने जोडले जाते ते पुढच्याच्या सहीने तुटते. पॅरिस हवामान करारातून अमेरिका २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली आणि २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. याउलट भारताबरोबरचा अणुकरार काँग्रेसने २००६ आणि २००८ मध्ये कायदे करून पक्का केला आणि त्यानंतरच्या कोणत्याही राष्ट्राध्यक्षाने तो मोडलेला नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. युद्ध जाहीर करण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे आणि तिने तो शेवटचा वापरला १९४२ मध्ये. त्यानंतरची सगळी युद्धे जाहीर न होताच लढली गेली. परवानगीविना सुरू केलेली लष्करी कारवाई साठ दिवसांत थांबवण्याचे बंधन १९७३ च्या कायद्याने घातले, पण २०११ मध्ये लिबियावर बॉम्बफेक चालू असताना ओबामा प्रशासनाने ‘हे लढाईत मोडत नाही’ असा युक्तिवाद केला आणि निभावून नेला. व्याजदर राष्ट्राध्यक्ष ठरवत नाहीत, फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँक ठरवते, आणि तिच्या गव्हर्नरांची पूर्ण मुदत १४ वर्षांची असते. दोन्ही सभागृहांत बहुमत असले की सगळे मंजूर होते हेही खोटे : जुलै २०१७ मध्ये रिपब्लिकन सिनेटमध्येच ओबामांचा आरोग्यविमा कायदा मोडण्याचा प्रयत्न जॉन मॅकेन यांच्या मतामुळे ४९ विरुद्ध ५१ ने फसला. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या १९३३ मधल्या ‘पहिल्या शंभर दिवसां’चे दाखले दिले जातात, त्या शंभर दिवसांतले कायदे काँग्रेसने मंजूर केले होते. आणि रिपब्लिकन म्हणजे भारताचा मित्र, डेमोक्रॅट म्हणजे विरोधक (किंवा नेमके उलट) हे सूत्र तर कधीच टिकलेले नाही : १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात बंगालच्या उपसागरात आरमार पाठवणारे निक्सन आणि २००८ मध्ये अणुकरार पुरा करणारे बुश, दोघेही रिपब्लिकनच.

पुणे-मुंबईच्या घराघरांत ज्याची सर्वाधिक चर्चा होते तो विषय व्हिसाचा. सही इथे जाच वाढवू शकते. एच-१बी या नोकरीसाठीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क सप्टेंबर २०२५ मध्ये घोषणेनेच लागले. पण वर्षाला ६५,००० व्हिसांची मर्यादा आणि अमेरिकी विद्यापीठांच्या उच्च पदवीधरांसाठीचे वाढीव २०,००० हे आकडे कायद्यातले आहेत. ग्रीन कार्डासाठी भारतीयांची रांग वर्षानुवर्षे लांबवणारी, एका देशाला सात टक्क्यांची मर्यादाही कायद्यातलीच आहे. नवा राष्ट्राध्यक्ष ‘आपल्या बाजूचा’ असला तरी ती सहीने उठत नाही. ती उठवणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहाने ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केले. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनेही एकमताने मंजुरी दिली, पण वेगळ्या मसुद्याला. दोन्ही मसुदे जुळण्याआधीच ३ जानेवारी २०२१ रोजी त्या काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयक बाद झाले. ते राष्ट्राध्यक्षांच्या टेबलापर्यंत पोचलेच नाही.