‘होणार आहे’ला ‘आहे’ म्हणू नका

लेखमाला : सौदा आणि शब्द – भाग ६

मागच्या भागात आपण गिऱ्हाइकाचं ऐकून घेण्याबद्दल बोललो. आज बोलायचं आहे ते विकणाऱ्याच्या तोंडून निघणाऱ्या वाक्यांबद्दल. सादरीकरणात अतिशयोक्ती कुठून शिरते आणि ती अडवायची कशी, हे समजून घ्यायला मावळात होणारी प्लॉटची विक्री घेऊ. कामशेत, पवनानगर, लोणावळा या पट्ट्यात सुट्टीच्या दिवशी ‘साइट व्हिजिट’च्या गाड्या फिरत असतात. गाडीत बसलेलं कुटुंब बरेचदा आयुष्याची पुंजी घेऊन आलेलं असतं. त्यांच्यापुढे ठेवलं जाणारं प्रत्येक वाक्य तपासूनच बोललं पाहिजे.

पहिलं वाक्य अंतराचं. ‘एक्स्प्रेसवे टच, दहा मिनिटांत हायवेला.’ कामशेतच्या एखाद्या प्लॉटवरून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग दिसतो, गाड्यांचा आवाजही येतो. पण या मार्गावर मनाला येईल तिथून चढता येत नाही. तो ठरावीक ठिकाणीच खुला आहे. मुंबईहून येणाऱ्याला लोणावळ्याला आणि पुण्याहून येणाऱ्याला तळेगावजवळ उतरून पुढचं अंतर जुन्या महामार्गानं कापावं लागतं. म्हणजे रस्ता जवळ असणं वेगळं आणि रस्त्यावर पोचणं वेगळं. इथे बोलायचं वाक्य असं : ‘उतरण्याच्या ठिकाणापासून इतके किलोमीटर, शनिवारी सकाळी आम्ही गेलो तेव्हा इतका वेळ लागला.’ किलोमीटर गाडीच्या मीटरवर मोजा आणि वेळ सांगताना वारही सांगा.

दुसरं वाक्य पाण्याचं. ‘लेक व्ह्यू, शेजारून वाहणारा झरा.’ लोणावळ्यात वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत काढलेला फोटो खराच असतो. पण तोच ओढा एप्रिलमध्ये कोरडा पडतो आणि उन्हाळ्यात पवना धरणाचं पाणी काठापासून बरंच आत सरकतं. घेणारा माणूस बारा महिन्यांची जागा घेतो, त्याला चार महिन्यांचं चित्र दाखवणं म्हणजे निम्म्याहून अधिक वर्ष झाकून ठेवणं. म्हणून जुलैचा आणि मेचा, असे दोन फोटो शेजारी शेजारी लावा. बोअरला मेमध्ये पाणी किती असतं, टँकर लागतो का, हेही त्याच पानावर लिहा. ‘पाण्याला लागून’ असं म्हणण्याआधी प्लॉट आणि पाण्याच्या मधली पट्टी धरणासाठी संपादित झालेली आहे का, ते मोजणीच्या नकाशावर बघा.

तिसरं वाक्य कागदाचं, आणि सर्वांत महागात पडणारं. ‘एनए होणारच आहे हो, समजा झालंच!’ महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे जमीन बिगरशेती, म्हणजेच एनए, झाली आहे की व्हायची आहे, यावर तो सौदाच उभा असतो. ‘प्रपोज्ड एनए’ या शब्दांत फक्त एक इच्छा असते, कधी कधी एखादा अर्ज. आदेश नसतो.

या तिन्ही वाक्यांत चूक एकाच जागी आहे. ‘दिसतं’, ‘कधी कधी असतं’ किंवा ‘होणार आहे’ याच्या जागी ‘आहे’ आलं आहे. म्हणून सादरीकरण तयार करताना कागदावर तीन रकाने आखा : ‘आहे’, ‘मंजूर आहे’ आणि ‘होईल असं वाटतं’. प्रत्येक वाक्य यातल्या एकाच रकान्यात बसवा. पहिल्यातली गोष्ट जागेवर नेऊन दाखवता आली पाहिजे. दुसऱ्यासाठी आदेशाचा क्रमांक आणि तारीख हवी. तिसऱ्यातलं बोलायचंच असेल, तर ‘हा आमचा अंदाज आहे’ हे शब्द वगळू नका. नवा रस्ता आणि पाच वर्षांत दुप्पट होणारा भाव हे तिसऱ्या रकान्यातलेच आहेत. भावाबद्दल तर मी म्हणेन, बोलूच नका. तो आपल्या हातात नाही.

कायदाही हेच सांगतो. २०१६च्या स्थावर संपदा कायद्याच्या, म्हणजे रेराच्या, कलम १२नुसार जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या विधानावर विसंबून कुणी पैसे भरले आणि नुकसान सोसलं, तर प्रवर्तकाला भरपाई द्यावी लागते. खरेदीदाराला प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल, तर त्याचे सगळे पैसे व्याजासह परत करावे लागतात. कलम १० एजंटांसाठी आहे आणि त्यात तोंडी विधानही येतं. ‘मी लिहून कुठे दिलं होतं’ ही पळवाट तिथे चालत नाही. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे, तर महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, नोंदणी लागते. १ ऑगस्ट २०२३पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे. सादरीकरणाच्या पहिल्याच पानावर तो ठेवा आणि गिऱ्हाइकाला समोरच स्कॅन करायला सांगा.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती साइटवर उभ्या असलेल्या पोराची. तो बहुतेक वेळा आसपासच्याच गावचा असतो. माहितीपत्रक दुसऱ्यानं लिहिलेलं, कार्यालय शहरात. पण शब्द त्याच्या तोंडून गेलेले असतात. दोन वर्षांनी प्लॉटवर पाणी नसतं तेव्हा फोन त्याला येतो, आणि गावात तोंड दाखवायचं असतं तेही त्यालाच. मालकांनो, त्याच्या हाती पाठ केलेली वाक्यं देऊ नका. सातबारा, आदेशाची प्रत आणि मेमधला फोटो द्या. ‘हे मला माहीत नाही, विचारून सांगतो’ असं म्हटल्याबद्दल त्याचं कमिशन कापलं जाणार नाही, हे त्याला आधीच सांगा.

खरं बोललं तर काही गिऱ्हाइकं जातील. ज्याला बारमाही झराच हवा होता, तो परत जाईल. तो आज गेलेला बरा. पैसे भरून दोन वर्षांनी गेला, तर जाताना आपलं नावही घेऊन जाईल. जो थांबेल, त्यानं मेमधला फोटो बघून होकार दिलेला असेल, आणि उन्हाळ्यात ओढा आटला तरी त्याचा फोन तक्रारीचा नसेल.

पुढच्या भागात : ‘माहीत नाही’ म्हटल्यानंतर उत्तर किती दिवसांत आणि कसं द्यायचं.