वाचा परतली, हे कशावरून?

अर्धांगवायूच्या झटक्याने माणसाची वाचा गेली, म्हणजे घरच्यांचे सारे लक्ष त्याच्या ओठांकडे लागते. मग एखाद्या तिन्हीसांजेला देवघरातली आरती ऐकून तो माणूस आपणहून सूर धरतो आणि शब्दही स्वच्छ उमटतात. घरात आनंदीआनंद होतो. पण दुसऱ्या दिवशी तहान लागली असता ‘पाणी’ हा साधा शब्द त्याला काही केल्या सापडत नाही. मग कोणी म्हणते, हा हट्टीपणा आहे. कोणी म्हणते, बुद्धीच गेली. दोन्ही तर्क चुकीचे आहेत आणि दोन्ही त्या बिचाऱ्यावर अन्याय करणारे आहेत.

ही गोष्ट नवी नाही. १७४५ साली स्वीडनमध्ये ओलोफ दालिन याने अशाच एका रोग्याची हकिकत नोंदविली आहे. उजवे अंग लुळे पडलेल्या त्या माणसाच्या तोंडून ‘होय’ एवढाच शब्द निघे. परंतु आजारापूर्वी पाठ असलेली स्तोत्रे कोणी सुरुवात करून दिली की तो स्पष्ट म्हणत असे. बहुतेक माणसांच्या भाषेचे ठाणे मेंदूच्या डाव्या अंगास असते. गाण्याच्या कामी उजवे अंगही राबते. शिवाय अंक, वार, स्तोत्रे ही जिभेवर बसलेली वाणी निराळी आणि मनातला विचार सांगण्यासाठी शब्द शोधून काढणे निराळे.

आम्हां गाणे शिकविणाऱ्यांना हा भेद चटकन उमजावा. वडील म्हणत, शिष्याची परीक्षा पाठ केलेल्या चिजेवर करू नये. नवा राग द्यावा आणि दोन आलाप घ्यावयास सांगावे. वाचाघाताच्या परीक्षकांचीही हीच रीत आहे.

कॅनडातील अँड्र्यू कर्टेझ यांची १९८२ साली प्रसिद्ध झालेली चाचणी या कामी सर्वत्र प्रमाण मानली जाते. तीत चार अंगे निरनिराळी तपासतात. आपणहून बोलणे याला २० गुण. ऐकलेले समजणे, म्हटलेले पुन्हा म्हणणे आणि वस्तूंची नावे सांगणे यांना प्रत्येकी १०. या ५० गुणांची दुप्पट केली की शंभरापैकी आकडा मिळतो, तो ९३.८ च्या खाली असल्यास वाचाघात आहे असे धरतात. मात्र नुसत्या बेरजेवर विसंबू नये. एकाला सर्व समजते पण बोलता येत नाही. दुसरा घडाघडा बोलतो पण बोलण्यास अर्थ नसतो. दोघांची बेरीज जवळजवळ सारखी येऊ शकते, उपचार मात्र सारखे नव्हेत.

गाण्याचा उपचारासाठीही उपयोग झाला आहे. १९७३ साली बोस्टन येथे अल्बर्ट, स्पार्क्स व हेल्म यांनी एक पद्धत मांडली. छोटे वाक्य दोन स्वरांत घोळवून म्हणावयाचे, डाव्या हाताने ठेका धरावयाचा, आणि हळूहळू स्वर काढून घेऊन साधे बोलणे उरवावयाचे. घोटलेली वाक्ये या रीतीने पुष्कळदा सुधारतात. न घोटलेल्या बोलण्यात तेवढा लाभ दिसेलच असे नाही. म्हणून मोजताना शिकविलेली वाक्ये व न शिकविलेली वाक्ये वेगळी धरावी लागतात.

आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात नांदलेल्या कुटुंबांना आणखी एक पेच आहे. घरात मराठी, बाजारात गुजराती किंवा हिंदी, कचेरीत इंग्रजी. झटक्यानंतर यांतली कोणती भाषा आधी परतेल? रिबो याचे मत पडले की बालपणीची. पीत्र याने १८९५ साली प्रतिपादिले की अधिक वापरातली. प्रत्यक्षात दोहोंची उदाहरणे सापडतात, आणि काहींच्या सर्व भाषा बरोबरीनेही सुधारतात. तेव्हा एकाच भाषेत घेतलेली परीक्षा अपुरी होय. आपल्या माणसाचे घरी कोणत्या भाषेत काय बोलणे होई, हे उपचार करणाऱ्यास आपण होऊन सांगावे.

घरच्यांचे निरीक्षणही मोजमापात धरले जाते. १९८९ साली कॅनडातच तयार झालेल्या एका मापनात नित्याच्या सोळा प्रसंगांविषयी आप्तांनाच विचारतात: कोणाचे लक्ष वेधून घेता येते काय, अनोळखी माणसाशी बोलता येते काय, इत्यादी. आपणांसही एक वही घालता येईल. महिन्यातून एकदा, शक्यतो सकाळी, थकवा नसताना, तेच प्रसंग पाहून तारखेसह टिपून ठेवावे. रोज रोज परीक्षा घेऊन माणसाला रडकुंडीस आणू नये.

सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते. पुढे वेग मंदावतो, पण वर्षांनंतरही ती थांबतेच असे नाही. २०१६ साली ५७ चाचण्या व ३००२ रोगी यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा वाणीच्या उपचाराने बोलण्यात व दैनंदिन संवादात लाभ होतो असेच आढळले. म्हणून ‘आता काही व्हावयाचे नाही’ असे म्हणून शिकवणी बंद करण्याची घाई कोणी करू नये. आरती अवश्य म्हणू द्यावी. तिने मन उभे राहते. पण ज्या दिवशी तो माणूस आपणहून, अडखळत का होईना, ‘पाणी दे’ म्हणेल, त्या दिवसाची तारीख वहीत ठळक अक्षरांत लिहावी.